जोधपूरहून देवरीस

गेल्या कार्तिकांत आईला जोधपूरहून आमच्या देवरीच्या घरीं आणावयाचें ठरलें. थोरले बंधु तिकडे नोकरीस आहेत. वडील वारल्यापासून आई त्यांच्याजवळच असते. आगगाडी सोडून मोटारीनें जावें हा हट्ट तिचाच. "ब्याऐंशी वर्षें झालीं, मुलुख पाहिला तो गाडीच्या खिडकींतून, आणि तोहि रात्रीं," असें ती म्हणाली. दादा, वहिनी, पुतणी, आई व मी असे पांच जण निघालों. दादांच्या पेटींत एक कागद होता. देवरीचें घर विकण्याचा तो मसुदा. आणि वडिलांनीं घर आईच्या नांवें केलेलें असल्यामुळें सही तिचीच लागणार होती. घरीं पोंचल्यावर हळूच सांगूं, असा आम्हां दोघां भावांचा बेत. वाचकांपैकीं ज्यांच्या घरांत असे बेत झाले असतील त्यांना तो नवा वाटणार नाहीं.

मारवाडची वाळू मागें पडून धोलपूर ओलांडलें कीं चंबळेच्या घळी लागतात. नदीच्या दोहों कांठांस दूरवर जमीन फाटलेली. कोठें एक पुरुष खोल, कोठें तीनचार. हा खडक नव्हे, नदीनेंच आणून टाकलेली मऊ माती आहे. पावसाचें पाणी तिला चिरीत जातें आणि घळीचें तोंड वर्षावर्षानें शेतांत पुढें सरकतें. दादा दरोडेखोरांच्या कथा रंगवूं लागले. आई मात्र एका बांधाजवळची वीतभर रुंदीची चीर पाहात राहिली. "ही अजून बुजविण्याजोगी आहे," एवढेंच म्हणाली.

ग्वाल्हेरीस झांशीच्या राणीच्या समाधीचें दर्शन घेतलें. विदिशेजवळ हेलिओदोराचा गरुडस्तंभ पाहिला. तक्षशिलेच्या यवन राजाचा हा वकील. स्वतःस भागवत म्हणवून त्यानें ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकांत वासुदेवाप्रीत्यर्थ हा स्तंभ उभारला. आईनें त्यास मनोभावें हात जोडले.

सांचीस घटकाभर थांबावयाचें होतें, तेथें तीन तास गेले. तोरणें सारेंच जग पाहतें. पुतणीनें आजीला कठड्याच्या दगडांवरील बारीक अक्षरें दाखविलीं. मोठ्या स्तूपावरच असे सहाशेंहून अधिक दानलेख आहेत. त्यांत बहुतेक ठिकाणीं अमक्या गांवच्या अमक्याचें, किंवा अमकीचें, दान एवढाच मजकूर. कोणीं कठड्याची एक पट्टी दिली, कोणीं फरसबंदीचा एक दगड. दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंताच्या कारागिरांचा उल्लेख आहे. सातकर्णि राजाच्या कारागिरांचा मुख्य जो आनंद, त्याचेंहि नांव तेथेंच. म्हणजे आपल्या सातवाहनांचा संबंध तेथवर पोंचला होता. देणाऱ्यांत भिक्षुणी आहेत, तशा संसारी बायकाहि आहेत.

"बायकांचीं नांवें त्यांचींच? नवऱ्याच्या नांवाखालीं नव्हेत?" आईनें विचारलें.

"कांहीं ठिकाणीं अमक्याची आई असें आहे, आजी, पण पुष्कळ ठिकाणीं नुसतें तिचें नांव आणि तिचें गांव."

दादांनीं माझ्याकडे पाहिलें. मी चपला शोधूं लागलों.

भोपाळच्या दक्षिणेस भीमबेटका लागतें. १९५७ सालीं डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर यांनीं उजेडांत आणलेलीं आदिमानवाचीं चित्रें तेथें आहेत. आईस चालवेना, ती झाडाखालीं बसली, आणि आम्ही मोबाइलवर छायाचित्रें घेऊन तीं तिला दाखविलीं. पुढें सातपुडा उतरून नागपुरास मुक्काम केला.

दुसरे दिवशीं वाट वाकडी करून पवनीस जावें ही सूचना माझी. वैनगंगेच्या कांठच्या या गांवीं १९६९-७० मध्यें नागपूर विद्यापीठ व पुरातत्त्व खातें यांनीं मिळून उत्खनन केलें. जगन्नाथ टेकडीखालीं मोठा स्तूप सांपडला. त्याच्या कठड्याच्या दगडांवरहि सांचीप्रमाणेंच ब्राह्मी लिपींत देणाऱ्यांचीं नांवें. सांचीसारखें तोरण मात्र येथें नाहीं. आई टेकडीवर बराच वेळ उभी राहिली.

"तुझे वडील कामानिमित्त दोनदां पवनीस येऊन गेले," ती म्हणाली. "येतांना शेवया आणल्या होत्या. येथें पाहण्याजोगें कांहीं आहे, हें मला कोणीं सांगितलें नाहीं."

पन्नास वर्षें तिनें देवरीस संसार केला. पवनी तेथून दिवसाउजेडीं जाऊन परत येण्याइतकी जवळ. आम्ही शिकलेले पुरुष अजिंठ्यावरचे लेख घरांत मोठ्यानें वाचून दाखवितों, आणि ऐकणारीला दाराबाहेरचें दाखवावयाचें राहून जातें! वडिलांना दोष देण्याचा मला अधिकार नाहीं. मोटार माझ्याकडेहि गेलीं पंधरा वर्षें आहे.

साकोलीच्या पुढें दिवस मावळला. गोंदिया जिल्हा वेगळा होऊन १९९९ पासून इतकीं वर्षें झालीं, तरी आई अद्याप "आपला भंडारा जिल्हा" असेंच म्हणते. कुलूप तिनें स्वतः उघडलें. जेवणें उरकल्यावर म्हणाली, "दादा, तो कागद आण. जोधपुरास तूं पेटी भरलीस तेव्हांच पाहिला होता मी."

तिनें चष्मा लावून तो दोनदां वाचला. किंमत विचारली, विहीर कोणाकडे जाईल तेंहि विचारलें. मग घडी घालून देवघराच्या फडताळांत ठेविला.

"माघी पौर्णिमेस कचारगडची यात्रा भरते. गोंडांच्या त्या गुहेविषयीं लग्न होऊन आल्यापासून ऐकतें आहें. ती दाखवा, मग सहीचें बोलूं."

रजा संपल्यामुळें दादा व वहिनी परत गेलीं. कागद अजून फडताळांतच आहे. आणि मागल्या पाख्याचीं कौलें चाळावयास आईनें माणूस सांगितला आहे.