जड वजनाने चपळाई जात नाही



‘जड वजनं उचलली की रग्बी लीगचा खेळाडू मंदावतो’ असं गेल्या अंकातल्या पत्रात म्हटलं आहे. पत्रलेखकाने शरीरसौष्ठव आणि ताकद यांची गल्लत केलेली दिसते. आरशासमोर मिरवायला दंड फुगवणं वेगळं. जड वजनाचे एका संचात ३ ते ५ स्क्वॉट आणि मध्ये ३-४ मिनिटं विश्रांती, यात स्नायू फुगण्यापेक्षा जास्त तंतू एकदम कामाला लावायची मज्जासंस्थेला सवय होते. हीच ताकद पहिल्या चार पावलांच्या झेपेत दिसते.

शिवाय या खेळात टॅकल झाला की बचावफळीला १० मीटर मागे हटावं लागतं. मग दोन्हीकडचे गडी धावत येऊन भिडतात, ८० मिनिटं. तिथे कंबर आणि मांड्या मजबूत नसतील तर काय होणार, ते सांगायला नको.

नुसत्या बारबेलने दम वाढत नाही, हा त्यांचा मुद्दा रास्त. पण म्हणून मोसमात वजनं बंद करायची? ताकद काही आठवड्यांत ओसरू लागते. आठवड्यातून एक-दोनदाच, संच कमी, वजन मात्र जडच ठेवावं. सामन्याच्या आदल्या दिवशी सुट्टी. नवख्या पोरांना मात्र आधी उचलण्याची पद्धत शिकवा. पालकांची घाई इथे फार नडते.

– एक वाचक, सिडनी