गाडीतलं घर आणि कुलूपबंद पाडा

भिवंडीत राहणाऱ्याला शांततेचं वेड का लागतं, हे वेगळं सांगायला नको. लूमचा खडखडाट, अंजूरफाट्याची ट्रेलरची रांग, मानकोलीचा जॅम. म्हणून मित्राने रीतसर पासिंग केलेली कॅम्परव्हॅन दारात उभी केली आणि म्हणाला, "ठरवायचं काही नाही, रस्ता नेईल तिकडे जाऊ," तेव्हा मी एका पायावर तयार झालो.

जानेवारीचे दिवस. अंबाडी, वाडा, विक्रमगड करत जव्हार आणि पुढे मोखाड्याच्या बाजूला. संध्याकाळी एका पाड्याजवळ मोकळ्या खाचरात गाडी लावली. काय शांतता! कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं. फोटो काढले, चहा झाला. सकाळी हातपंपावर टाकी भरायला गेलो तर एक आजी भेटल्या. कुठून आलात विचारलं. भिवंडी म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. त्यांचा मुलगा, सून, नातवंडं दिवाळीनंतर भिवंडीकडेच वीटभट्टीवर गेलीत. तुम्हाला दिसतात का कधी, असं त्यांनी विचारलं.

मग पाड्याकडे नीट बघितलं. निम्म्या घरांना कुलपं. ज्या शांततेचे मी रात्री फोटो काढले, ती निसर्गाची कमी आणि स्थलांतराची जास्त होती. आम्ही हौसेने चाकांवर घर घेऊन तिकडे गेलो, आणि ती माणसं पोटासाठी घर सोडून आमच्या गावाच्या वेशीवर कुडाच्या झोपडीत राहतात. टाकी अर्धीच भरली. पुढे हात चालेना.

मित्रांनो, मी या पर्यटनाच्या विरोधात नाही. राज्याने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, चांगलं केलं. पण "कुठेही थांबा" या वाक्यातलं "कुठेही" म्हणजे कुणाचं तरी खाचर, कुणाचा तरी पाणवठा असतो. मध्य वैतरणा धरण याच पट्ट्यात आहे, पाणी मुंबईला जातं, आणि उन्हाळा लागला की मोखाड्याच्या पाड्यांवर टँकर. तिथे आपण पंपावर टाकी भरून घ्यायची आणि संडासाची टाकी ओहोळात सोडायची, याला भटकंती म्हणायचं?

जव्हार-मोखाडा अनुसूचित क्षेत्र आहे. पेसा कायदा 1996 चा, राज्याचे नियम 2014 चे. ग्रामसभेला अधिकार आहेत, ते वापरू द्या. गाड्या कुठे लावायच्या ती एक जागा ग्रामसभेने ठरवावी. ग्रामपंचायतीने पावती फाडून पैसे घ्यावेत. पाणी आपण घरून भरून न्यावं, मैला आणि कचरा परत आणावा, जेवण मात्र गावातच विकत घ्यावं. एवढं केलं तरी बेत न आखता फिरता येतं. बेत नसला म्हणजे जबाबदारी नसते असं नाही.

काही जण म्हणतील, पर्यटनाने रोजगार येईल, स्थलांतर थांबेल. शनिवारी येणाऱ्या चार गाड्यांनी काही थांबत नाही हो. रोजगार हमीची कल्पना याच महाराष्ट्राने देशाला दिली. ते काम गावात, वेळेवर आणि वेळेवर पगारासह मिळालं, तर कुलपं निघतील.

आणि शेवटचं, आपल्या भिवंडीकरांसाठी. गाडीत झोपणारे लोक आपल्याकडे रोज येतात. गोदामांबाहेर दोन-दोन दिवस नंबर लावून बसलेले ट्रकवाले. त्यांना आंघोळीला नळ कुठे, संडास कुठे? भट्टीवरच्या पोरांना शाळा कुठे? कॅम्परव्हॅनसाठी सोयी मागताना आधी यांच्यासाठी मागू या.

परतल्यावर मी पहिल्या रविवारी जवळच्या भट्टीवर जाऊन आलो. आजींचा मुलगा नाही सापडला, पण मोखाड्याची तीन कुटुंबं भेटली. तुमच्या घराजवळच्या भट्टीवर कुठल्या गावची माणसं आहेत, कधी विचारलंय?