सहावीचं गणित अन् बांधावरचा हिशोब



जून आला की दोन गोष्टी सोबतच घरात येतात. पेरणीचं बियाणं अन् पोरांची पुस्तकं. बियाण्याची पिशवी आपण दहा वेळा उलटून-पालटून पाहतो. गणिताचं पुस्तक मात्र कोणी उघडत नाही. औंदा उघडा. बालभारतीच्या सहावीच्या पुस्तकात गुणोत्तर-प्रमाण, शेकडेवारी, नफा-तोटा आहे. सातवीत समप्रमाण-व्यस्तप्रमाण आहे. माझं मत सरळ आहे: पाचवी ते आठवीचं गणित हे शेतीचंच गणित आहे. ते वावरापर्यंत कोणी आणत नाही, हे खरं दुखणं.

उदाहरणं घ्या, सगळी आपल्याच बुलढाण्याच्या रानातली.

दशांश. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं. 1.05 म्हणजे 1 हेक्टर 5 आर. 1.50 म्हणजे 1 हेक्टर 50 आर. फरक 45 आरचा. एक एकर म्हणजे साधारण 40.5 आर. म्हणजे एका शून्याच्या जागेवर एकराहून जास्त जमीन इकडची तिकडे होते. वाटणीच्या कागदावर सही करताना हे ज्याला कळतं, त्याला कोणी फसवत नाही.

समप्रमाण. औषधाच्या माहितीपत्रकावर समजा 10 लिटर पाण्याला 4 ग्रॅम लिहिलंय. आपला पंप 15 लिटरचा, शेजाऱ्याचा 20 लिटरचा. एकाला 6 ग्रॅम, दुसऱ्याला 8 ग्रॅम. पण वावरात काय चालतं? "टाक एक झाकण." झाकण बाटलीगणिक वेगळं. कमी पडलं तर अळी मरत नाही, जास्त पडलं तर पैसा जातो, पिकाला अन् फवारणाऱ्याला धोका वेगळाच.

व्यस्तप्रमाण. घरचं सोयाबीन बियाणं ओल्या पोत्यात 100 दाणे मांडून तपासलं. 70 उगवले तर एकरी 30 किलो पुरतं. 60च उगवले तर? 30 गुणिले 70 भागिले 60, म्हणजे 35 किलो. उगवण कमी, बियाणं जास्त. इथं कोणी म्हणेल, मोबाइलमध्ये कॅल्क्युलेटर आहे की! आहे ना. पण 70 वर घ्यायचे की खाली, हे मोबाइल सांगत नाही. उलटं मांडलं तर 25.7 किलो येतात अन् पेरा विरळ होतो.

शेकडेवारी. ही सगळ्यात नाजूक. सोयाबीनमध्ये 18 टक्के ओलावा निघाला अन् भाव 12 टक्क्यांवर ठरलाय. 100 किलोत 18 किलो पाणी, 82 किलो कोरडा माल. वाळून 12 टक्क्यांवर आला की हे 82 किलो म्हणजे एकूण वजनाचे 88 टक्के. वजन भरतं 93.2 किलो. म्हणजे खरी घट 6.8 किलो, 6 नाही. क्विंटलमागे 7 किलो कापले तर तो हिशोब समजू शकतो. 10 किलो कापले तर काट्याजवळच विचारता आलं पाहिजे. हिशोब येत असला की भांडावं लागत नाही, नुसतं मांडून दाखवता येतं.

व्याज. "शेकडा तीन" ऐकायला हलकं वाटतं. पण ते महिन्याचं असतं, म्हणजे वर्षाचे 36 टक्के. 50,000 रुपये 8 महिने वापरले तर व्याज 12,000. इकडे 3 लाखांपर्यंतचं पीक कर्ज वेळेत फेडलं तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत बिनव्याजी पडतं. दोन्ही आकडे शेजारी मांडायला सातवी शिकलेलं लेकरू पुरेसं आहे.

मग अडतं कुठं? एक तर भाषेत. सेमी इंग्रजीतलं पोरगं 'सिम्पल इंटरेस्ट' फाडफाड सोडवतं, पण 'शेकडा तीन' म्हटलं की तोंडाकडं पाहतं. 'सेव्हन्टी फाइव्ह' येतं, 'पंच्याहत्तर' येत नाही. आपण क्विंटल-गुंठ्यात बोलतो, त्याची वही दुसऱ्याच भाषेत. घरात बाप-लेकाचा हिशोब जुळणार कसा? सेमीला माझा विरोध नाही. दोन्ही शब्द यावेत, एवढंच.

दुसरं, पाया कच्चा राहतो. 'असर 2023' च्या पाहणीत 28 जिल्ह्यांतल्या 14 ते 18 वयाच्या ग्रामीण मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागायला दिलं. जमलं फक्त 43.3 टक्क्यांना. ज्याला भागाकार येत नाही, तो औषधाचं प्रमाण काय काढणार?

सगळं गुरुजींवर ढकलून चालणार नाही. शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात. बैठकीत आपण फक्त खिचडी अन् पत्र्यांवर बोलतो. तिथं एक मागणी करा: महिन्यातून एक तास गणिताचा वावरात. टेप लावून गुंठा मोजा. 33 फूट बाय 33 फूट, 1089 चौरस फूट. असे 40 झाले की एकर. क्षेत्रफळ एकदा पायानं चाललं की पोरं विसरत नाहीत.

कृषी खात्यातल्या अन् विद्यापीठातल्या मंडळींनाही विनंती. शिफारस हेक्टरी छापता, सोबत एकरी अन् पंपामागेही छापा. उगवण तपासणीचं प्रात्यक्षिक गावात घेता, ते एखाद्या वर्षी सातवीच्या वर्गात घ्या. संध्याकाळी प्रत्येक घरी एक पोरगं बापाला टक्केवारी सांगेल.

अन् आपण? पोराला वावरात नेलं की नुसता पाइप धरायला उभं करू नका. पंपाचं माप त्याला काढू द्या, पट्टीचा हिशोब पोरीला तपासू द्या. चुकलं तर तिथंच पुन्हा मांडायला लावा. पोरं पुढं शेती करोत की नोकरी, काट्यावर अन् कागदावर त्यांना कोणी गंडवणार नाही.

तुमच्या घरच्या सहावी-सातवीच्या लेकराला आज उगवणीचंच गणित घाला: 100 पैकी 56 दाणे उगवले, तर एकरी बियाणं किती? उत्तर खाली लिहा, पण लेकरानं काढलेलंच.

राम राम.