एक कोयता म्हणजे किती माणसे?

महाराष्ट्रात अकरावी-बारावीला समाजशास्त्र हा कला शाखेतला एक ऐच्छिक विषय आहे. पुष्कळ मुले तो ‘सोपा पेपर’ म्हणून घेतात. जी मुले पुढे डॉक्टर होणार, इंजिनिअर होणार, कारखान्याच्या कचेरीत बसणार, त्यांच्या वाटेला तो येतच नाही. माझी मागणी अशी आहे की कोणत्याही शाखेच्या मुलाला निदान एक वर्ष हा विषय शिकावा लागावा. त्यामागची कारणे खाली मुद्द्यांनी मांडतो. उदाहरण शेवटपर्यंत एकच घेतो, ऊसतोडीला जाणाऱ्या बाईचे, कारण ते आपल्या दारातले आहे.

१. दसरा-दिवाळी सरली की बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार या भागांतून माणसांनी भरलेल्या गाड्या निघतात. पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात गाळप संपेपर्यंत ही माणसे फडाच्या कडेला कोपी घालून राहतात. या व्यवहारात माणसे मोजत नाहीत, कोयते मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल देतो ती कोयत्याला. ऊस तोडायचा, पाचट काढायचे, मोळी बांधायची, ती डोक्यावर घेऊन गाडीत चढवायची, आणि हे सगळे करताना उचल फेडायची. दोघांपैकी एकजण कामावर आला नाही तर खाडा पडतो आणि खाड्याचे पैसे कापले जातात. अंगावर जात असेल, पोटात दुखत असेल, तरी खाडा तो खाडाच.

२०१९ साली ‘पिशवी काढलेल्या बायकां’चा प्रश्न विधिमंडळात गाजला. शासनाने समिती नेमली. बीड जिल्ह्यात झालेल्या पाहणीत सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली, म्हणजे साधारण सहा जणींमागे एक. २०१५-१६च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांमध्ये हे प्रमाण शंभरात सुमारे तीन होते. दोन्ही पाहण्यांची पद्धत आणि वयोगट एक नाहीत, तेव्हा हे आकडे काट्यावर तोलू नयेत. तरीही एवढे मोठे अंतर केवळ मोजणीच्या फरकाने पडत नाही.

२. यातली एक बाई डोळ्यांसमोर आणा. तिला त्रास होता, डॉक्टरांनी सांगितले, तिने शस्त्रक्रिया करून घेतली. इथवर ही तिची आणि तिच्या घरची गोष्ट आहे. तेरा हजार बायका डोळ्यांसमोर आणल्या की तेच उत्तर अपुरे पडते. तेरा हजार शरीरे एकाच जिल्ह्यात, एकाच धंद्यात, एकाच तऱ्हेने योगायोगाने बिघडत नाहीत. इथे विचारायचा प्रश्न वेगळा आहे. ही मांडणी कोणती, की जिच्यात इतक्या बायकांना हाच मार्ग शहाणपणाचा वाटला?

समाजशास्त्राची सुरुवात या प्रश्नापासून होते. अमेरिकन अभ्यासक सी. राइट मिल्स यांनी १९५९च्या ‘द सोशिऑलॉजिकल इमॅजिनेशन’मध्ये हा फरक नेमका केला. माणसाचे खासगी दुःख एक आणि सार्वजनिक प्रश्न दुसरा, आणि पहिल्यातून दुसरा ओळखता येणे ही त्यांच्या मते नागरिकाला लागणारी बुद्धी. त्यांनी उदाहरण बेकारीचे दिले. लाख वस्तीच्या शहरात एकच माणूस बेकार असेल तर त्याच्या अंगचे गुण-दोष पाहावेत. पाच कोटी कामकरी लोकांच्या देशात दीड कोटी बेकार असतील तर देशाची रचनाच तपासावी लागते.

त्यांच्या साठ वर्षे आधी, १८९७ साली, फ्रान्समध्ये एमिल द्युरकेम यांनी आत्महत्येवर पुस्तक लिहिले होते. याहून खासगी कृत्य दुसरे कोणते असणार? पण त्यांनी एकेका माणसाच्या मनात न शिरता दर पाहिले. निरनिराळ्या देशांतले आणि पंथांतले दर वर्षानुवर्षे बरेचसे स्थिर राहतात. कॅथलिकांपेक्षा प्रोटेस्टंटांत ते जास्त, विवाहितांपेक्षा अविवाहितांत जास्त. माणसे बदलतात, दर मात्र टिकतो, म्हणजे तो दर समाजाच्या बांधणीचा आहे. अशा गोष्टींना त्यांनी ‘सामाजिक तथ्य’ म्हटले. विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकरी आत्महत्यांवर बोलताना आपण आजही ‘तो दारू प्यायचा का’ इथूनच चौकशी सुरू करतो. द्युरकेम यांना आकड्यांसाठी सरकारी नोंदींवर विसंबावे लागले, त्यावर पुढे टीकाही झाली, आणि ती रास्त होती. त्यांची प्रश्न विचारण्याची रीत मात्र टिकून राहिली.

३. हे शास्त्र कुठून आले, ते थोडक्यात. १७८९च्या फ्रेंच राज्यक्रांतीने राजा आणि चर्च दोघांचीही सत्ता हलवली. गिरण्यांनी खेडी रिकामी केली. ‘देवाची मर्जी’ आणि ‘राजाची आज्ञा’ ही जुनी उत्तरे पुरेनाशी झाली. ऑग्युस्त कोंत यांनी समाजाच्या अभ्यासाला आधी ‘सामाजिक भौतिकी’ म्हटले. बेल्जियमच्या केतले यांनी तेच नाव आपल्या आकडेशास्त्रीय कामाला लावले, तेव्हा १८३०च्या दशकाच्या अखेरीस कोंत यांनी लॅटिन आणि ग्रीक मुळे जोडून ‘सोशिऑलॉजी’ हा शब्द पुढे आणला.

एवढे पाठ्यपुस्तकात असते. हॅरिएट मार्टिनो यांना तिथे फार काळ जागा नव्हती. कोंत यांचे लेखन १८५३ मध्ये संक्षिप्त करून इंग्रजीत आणणाऱ्या याच बाई. त्याआधी अमेरिकेत फिरून १८३७ साली त्यांनी त्या देशाच्या समतेच्या घोषणा तिथल्या गुलामांच्या आणि स्त्रियांच्या जगण्याशी ताडून पाहिल्या होत्या. तसेच डब्ल्यू. ई. बी. ड्यु बॉइस. फिलाडेल्फियाच्या सातव्या वॉर्डात घरोघर हिंडून त्यांनी १८९९ साली दाखवले की कृष्णवर्णीय वस्तीतले दारिद्र्य, आजार आणि गुन्हे वंशातून आलेले नाहीत, ते परिस्थितीतून आले आहेत. एखादी वस्तीच वाईट असे म्हणण्याआधी तिच्या दारोदार जावे लागते, हे त्यांच्याकडून शिकावे.

४. हा विषय परका आहे असे कुणी म्हणू नये. जोतीराव फुल्यांनी १८८३च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये कुणब्याच्या दारिद्र्याची कारणे शोधली. सरकारी कचेऱ्या, सावकार, जन्मापासून मरणापर्यंतचे विधी यांतून त्याच्या घरातला पैसा कसा बाहेर जातो, हे त्यांनी मांडले. कुणबी आळशी आहे या समजाला हे उत्तर होते. त्रिंबक नारायण आत्रे यांनी महसूल खात्यातल्या नोकरीच्या अनुभवातून ‘गावगाडा’ १९१५ साली लिहिला. बलुत्यांची देणी-घेणी आणि वतने त्यांच्याइतकी बारकाईने फार थोड्यांनी टिपली.

१९१९ साली मुंबई विद्यापीठात पॅट्रिक गेडिस यांच्याकडे समाजशास्त्राचा विभाग आला आणि १९२४ पासून मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये यांनी तो वाढवला. रिस्ले या इंग्रज अधिकाऱ्याने नाके मोजून जातींची उतरंड वंशाशी जोडली होती. घुर्ये यांनी १९३२च्या जातीवरील ग्रंथात ही मांडणी तपासून बहुतेक ठिकाणी खोडली. एम. एन. श्रीनिवास, अ. र. देसाई, इरावती कर्वे ही सगळी त्यांच्या हाताखाली शिकलेली माणसे. ‘युगान्त’मुळे इरावतीबाई घरोघर माहीत झाल्या. पण कोयना धरणाने उठवलेल्या माणसांचे पुढे काय झाले, याची पाहणी जाई निंबकर यांच्यासह त्यांनी केली आणि ती १९६९ साली प्रसिद्ध झाली, हे किती जणांना ठाऊक आहे? प्रकल्पग्रस्तांच्या प्रत्येक मोर्च्यात तिची आठवण निघायला हवी.

५. आता या शास्त्राचे मुख्य दृष्टिकोन. ते पाठ करायचे नसतात, लावून पाहायचे असतात.

कार्ल मार्क्स यांचा प्रश्न साधनांचा. जमीन, कारखाना, पैसा कोणाच्या हाती आणि विकायला फक्त अंग कोणाकडे? प्रवरेचा सहकारी साखर कारखाना १९५० साली सुरू झाला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी ऊस पिकवणाऱ्याला मालक केले, आणि हे मोठेच काम होते. त्या सहकारात तोडणाऱ्याला मात्र भाग नव्हता. तो सभासद झाला नाही, बहुधा कामगारही ठरला नाही, मुकादमाच्या वहीतला कोयता राहिला. उचल आधी मिळते म्हणून मजुरीवर घासाघीस करायची ताकद आधीच जाते. मार्क्स यांची ही संघर्षवादी मांडणी इथे विलक्षण नेमकी बसते.

प्रकार्यवादी विचारतात, ही रीत टिकते ती कोणाचे कोणते काम करते म्हणून? पंधरा-सोळाव्या वर्षी मुलीचे लग्न का होते, ते यातून उकलते. एकटा मुलगा पुरा कोयता नाही. लग्न झाले की पुऱ्या कोयत्याची उचल मिळते. शिवाय आईबाप सहा महिने फडावर, मग वयात आलेली पोर मागे कोणाच्या भरवशावर ठेवायची? बालविवाह या दोन्ही अडचणींवरचा तोडगा बनून बसला आहे. रीत कशी टिकते हे सांगणे म्हणजे तिचे समर्थन नव्हे. पण ती काय काम करते हे न पाहता नुसते पोलीस पाठवले तर लग्न दुसऱ्या गावात लागते. वसतिगृह बांधले तर लांबते.

माक्स वेबर म्हणत, करणाऱ्याला आपल्या कृतीचा अर्थ काय वाटतो तो समजून घ्या. पुढे अमेरिकेत मीड आणि ब्लूमर यांच्या परंपरेने समोरासमोरच्या बोलण्यातून हा अर्थ कसा घडतो ते पाहिले. पांढरे पाणी जाते म्हणून बाई दवाखान्यात जाते. तिथे ‘कॅन्सर होईल’ हे शब्द कानावर पडतात, असे पुष्कळ जणींनी सांगितले आहे. दोन-तीन लेकरे झालेली, पाळीच्या दिवसांत खाडा परवडत नाही, पिशवीचे आता काम काय? तिचा निर्णय तिच्या जागी उभे राहिले की वेडेपणाचा वाटत नाही. तिला अडाणी म्हणणारे भाषण इथेच थांबवले पाहिजे.

आणि स्त्रीवादी दृष्टी त्या एका शब्दाकडे बोट दाखवते, कोयता. त्या शब्दात बाई आहे, पण तिचे नाव नाही. हिशेब नवऱ्याशी होतो. पहाटे उठून भाकरी थापणे, पाणी आणणे, लेकराला पाजणे हे तर कोणत्याच हिशेबात नाही.

६. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा मुद्दा मी मुद्दाम वेगळा काढतो. पाठ्यपुस्तकांत ते राज्यशास्त्राच्या धड्यात सापडतात. ९ मे १९१६ रोजी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या अभ्यासवर्गात त्यांनी भारतातील जातींची यंत्रणा, उत्पत्ती आणि विकास यांवर निबंध वाचला. त्यांचे म्हणणे, जातीचा गाभा म्हणजे जातीतच लग्न. ते टिकवायचे तर जातीत स्त्री-पुरुषांची संख्या जुळती राहिली पाहिजे. जोडीदार गेला की उरलेली बाई किंवा उरलेला पुरुष जातीबाहेर लग्न करील, ही भीती. सती, सक्तीचे वैधव्य, लहान मुलीचे लग्न हे त्या भीतीतून निघालेले उपाय आहेत, त्यांना पुढे धर्माचे तेज चढवले गेले. जात आणि स्त्रीचे दास्य एकाच खिळ्याला टांगलेले आहेत, हे इतक्या स्वच्छपणे तोवर या विद्येत कोणी सांगितले नव्हते. पुढे शर्मिला रेगे यांनी पुण्यात हाच धागा पुन्हा उचलला आणि समाजशास्त्राच्या वर्गालाच विचारले, तुमच्या वाचनयादीत दलित स्त्रीचे लेखन कुठे आहे?

ऊसतोडीला वंजारी, मराठा, दलित, भटके-विमुक्त असे अनेक समाज जातात. कोपी शेजारी-शेजारी असतात, खाडा सगळ्यांना सारखाच पडतो, आणि लग्ने तरीही जातीतच ठरतात. १९१६चा निबंध त्या फडावर बसून वाचावा असा आहे.

७. आक्षेप असतो की माणसाची जबाबदारीच यातून सुटते, सगळे खापर व्यवस्थेवर. तसे नाही. गरज नसताना पिशवी काढणारा डॉक्टर दोषी आहेच, त्याची चौकशी व्हावी. पण त्याला शिक्षा झाली आणि खाडा तसाच राहिला, तर बाई तेच दुखणे घेऊन पुढच्या दवाखान्यात जाईल. दोषी शोधणे हे पोलिसांचे आणि न्यायालयाचे काम आहे. पुढची बाई तिथवर का पोहोचते हे शोधायला दुसरी विद्या लागते.

८. म्हणून मागण्या. अकरावीला सर्व शाखांना समाजशास्त्र ठेवावे, आणि त्यात व्याख्यांपेक्षा पाहणी जास्त असावी. प्रत्येक मुलाने आपल्या गल्लीतली वीस घरे घ्यावीत. सातबाऱ्यावर नाव कोणाचे, पाणी कोण आणते, शेवटी कोण जेवते, शाळा कोणाची सुटली, ते लिहावे. शासनाच्या प्रत्येक चौकशी समितीत डॉक्टर आणि अधिकाऱ्यांबरोबर त्या भागात काम केलेला समाजशास्त्रज्ञ असावा. तोडणीचा करार स्त्रीच्या नावाने स्वतंत्र व्हावा, मजुरी तिच्या खात्यात जावी, आजारपणाचा खाडा बंद व्हावा.

आणि यासाठी अभ्यासक्रम बदलण्याची वाट पाहायची गरज नाही. २ ऑक्टोबरची ग्रामसभा गाड्या निघण्याआधीच भरते. तिथे एक वही ठेवावी. गावातून किती कोयते निघाले हा रकाना तिच्यात नकोच. बाईचे नाव, तिचे वय, लग्नाच्या वेळचे वय, बरोबर नेलेली मुले आणि त्यांची इयत्ता, उचल कोणाच्या हाती पडली, एवढे रकाने आखावेत, आणि ते भरताना बाईला स्वतः बोलू द्यावे.