रिसॉर्ट नंतर बघा, आधी समुद्र बघा

पोरांच्या परीक्षा संपत आल्या की आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर एक मेसेज ठरलेला असतो. "मालवण-तारकर्लीत बजेटमधलं रिसॉर्ट सांगा. बीचला लागून पाहिजे. पोरं बरोबर आहेत." खाली धडाधड उत्तरं. कुणी फोटो टाकतो, कुणी नंबर देतो, कुणी "नाद खुळा हाय, डोळं झाकून जावा" म्हणून मोकळा होतो. पूल केवढा, एसी चालतो का, नाष्टा धरून आहे का, गाडी आत लागते का, सगळं विचारून होतं. ज्या समुद्रासाठी घाट उतरून दीडशे किलोमीटर जायचं, त्या समुद्राबद्दल मात्र कुणी एक अक्षर विचारत नाही.

माझं मत सरळ आहे. पोरं घेऊन जाणाऱ्यानं आधी किनारा निवडावा, मग गाव, आणि सगळ्यात शेवटी खोली. आपण नेमकं उलटं करतो. त्यात पैसेही जास्त जातात आणि जीवही टांगणीला लागतो.

हे शहाणपण मला अनुभवानं आलंय, म्हणून सांगतो. तीन वर्षांपूर्वी आम्ही असंच "सी टच" बघून बुकिंग केलं. जागेचं नाव घेत नाही. खोलीचे रात्रीचे साडेपाच हजार, दोन पोरांच्या जादा गादीचे वेगळे, जेवण तिथंच घ्यायची अट. खिडकीतून समुद्र दिसत होता, खोटं बोलणार नाही. पण समोरचा किनारा उतरता. चार पावलं टाकली की पाणी माझ्या कमरेला, म्हणजे धाकटीच्या गळ्याला. लाट परत जाताना पायाखालची वाळू सरसर ओढून न्यायची. किनाऱ्यावर ना बोर्ड, ना माणूस. मॅनेजरला विचारलं तर म्हणाला, "साहेब, पूल आहे की." दोन दिवस पोरं त्या पुलातच डुंबली. मग बायको म्हणाली, "पोहायचं पुलातच होतं तर घरापासून दहा मिनिटांवर होता की." मला उत्तर सुचलं नाही.

पुढच्या वर्षी एका ओळखीच्यानं मालवणात एक घर सांगितलं. किनाऱ्यापासून चालत आठ-दहा मिनिटं. पुढं अंगण, माडाची झाडं, मागं विहीर. खोली रात्रीची दोन हजार. दोन रात्रींत नुसत्या खोलीचेच सात हजार वाचले. त्यात तिसरी रात्र राहिलो, किल्ला केला, पोटभर मासे खाल्ले, तरी पैसे उरले. पण मला जास्त मोलाचं वाटलं ते वेगळंच. संध्याकाळी पोरं टॉवेल घेऊन निघाली तेव्हा घरातल्या काकी ओट्यावरून म्हणाल्या, "आता पोरांक पाण्यात सोडू नका, ओहोटी लागली हा. सकाळी जावा." हे एक वाक्य साडेपाच हजाराच्या खोलीत आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

आता कुणी म्हणेल, समुद्राला एवढं काय भ्यायचं? आपण कोल्हापूरची माणसं. पंचगंगेत उड्या मारून, विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलोय. माझं म्हणणं, तीच आपली मोठी अडचण आहे. नदीची धार डोळ्याला दिसते, काठ दोन्ही बाजूला असतो. विहिरीचं पाणी जागचं हलत नाही. समुद्रात लाटांनी आत आलेलं पाणी एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोरात परत जातं, आणि गंमत म्हणजे त्या पट्ट्यात लाट फुटत नाही, पाणी शांत दिसतं. नवखा माणूस पोरांना घेऊन बरोबर तिथंच उतरतो. त्या ओढीत सापडलो तर किनाऱ्याकडं तोंड करून ताकद लावायची नसते. अंग सैल सोडून तरंगायचं, हात वर करून मदत मागायची आणि किनाऱ्याला समांतर, आडवं सरकत ओढीच्या बाहेर यायचं. नदीत पोहणारा नेमका उलटं करतो आणि दमतो.

जुन्या गोष्टी काढून कुणाला घाबरवायचं नाही. पण विसरूनही चालणार नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडला सहलीला आलेले पुण्याचे चौदा विद्यार्थी बुडाले. एप्रिल २०१७ मध्ये मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावहून आलेल्या सहलीतले आठ जण गेले. मे २०२२ मध्ये तारकर्लीला स्कूबाहून परतणारी बोट उलटून दोघांचा जीव गेला. ऑक्टोबर २०२५ मध्ये शिरोडा-वेळागरला एकाच कुटुंबातली माणसं एकमेकांच्या डोळ्यांदेखत वाहून गेली. बेळगाव आपल्यापासून दोन-अडीच तासांवर. ही आपल्यासारखीच, सुट्टी काढून, डबे बांधून निघालेली माणसं होती.

म्हणून किनारा कसा निवडायचा, ते बघू.

एक, नदी किंवा खाडी जिथं समुद्राला मिळते तिथं पोरांना पाण्यात सोडायचं नाही. देवबागला एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधे चिंचोळी पट्टी. दिसायला स्वर्ग आहे. राहा, फिरा, बोटीतून चक्कर मारा. पण संगमाजवळच्या पाण्याला ओढ असते, तिथं डुंबायला नको.

दोन, किनारा सपाट आहे का ते बघायचं. ओहोटीच्या वेळी लांबपर्यंत ओली वाळू उघडी पडत असेल तर उतार कमी, पाणी हळूहळू वाढतं. मालवण शहरातला चिवला बीच त्या मानानं शांत. तिथं दरवर्षी समुद्रात पोहण्याच्या स्पर्धा होतात. बाजार जवळ, दवाखाना जवळ, राहायला घरगुती खोल्या. लहान पोरं असतील तर माझी पसंती अशा गावातल्या किनाऱ्याला. गणपतीपुळ्याला देवदर्शन जरूर करा, वाळूत किल्ले करा, पण तिथला समुद्र फसवा आहे, हे तिथले दुकानदारही सांगतात.

तीन, भरती-ओहोटीची वेळ. यासाठी ॲप लागत नाही, घरातलं कॅलेंडर पुरतं. कोकणातली जुनी माणसं तिथीला तीननं गुणून चारनं भागतात. चतुर्थीला साधारण तीन वाजता पूर्ण भरती, अष्टमीला सहाला, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या आसपास. दिवसातून दोनदा. पुढं साधारण सहा तास पाणी उतरत जातं. हिशेब ढोबळ आहे, गावागणिक थोडा मागंपुढं होतो, पण पाणी येतंय की जातंय एवढं कळतं. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, त्या दोन-तीन दिवसांत पोरांसाठी बुकिंगच करू नका. तरीही शेवटचा शब्द गावातल्या माणसाचा.

किनारा ठरला की मग फोन उचला आणि घरमालकाला विचारा. तुमच्या समोरच्या किनाऱ्यावर गावातली पोरं पोहतात का? जीवरक्षक असतो का, किती ते किती? चालत किती मिनिटं, मधे मोठा रस्ता लागतो का? विहिरीला कठडा किंवा जाळी आहे का? पोरांना बिनतिखट जेवण मिळेल का? लाइट गेली तर इन्व्हर्टर आहे का? सगळं धरून किती, नंतर काय वाढणार? पहिल्या प्रश्नाला "समुद्र एकदम सेफ आहे, टेन्शन घेऊ नका" असं गुळगुळीत उत्तर आलं तर दुसरा नंबर लावा. "सकाळी चालतं, संध्याकाळी मी सांगेन तसं" म्हणणारा माणूस बरा.

रिसॉर्ट वाईट असं मी म्हणत नाही. बरोबर गुडघे दुखणारी आजी असेल, चोवीस तास पाणी-लाइट हवी असेल, तर रिसॉर्टच बरं. एमटीडीसीची तारकर्लीची, कुणकेश्वरची निवासं किनाऱ्याला धरून आहेत, पण सुट्टीत जागा मिळवायला लई आधी हालचाल करावी लागते. माझा आक्षेप "बीचफ्रंट" या शब्दासाठी जादा पैसे मोजण्याला आहे. वाळूचा किनारा कुणाच्या मालकीचा नसतो. साडेपाच हजारवाल्याचा आणि दोन हजारवाल्याचा समुद्र एकच. आणि अगदी वाळूवर टेकलेलं बांधकाम दिसलं तर एकदा विचारायला हरकत नाही, की भरती रेषेपासून अंतर सोडायचे सीआरझेडचे नियम इथं पाळलेत का? त्याच २०१९ च्या अधिसूचनेत स्थानिकांच्या होमस्टेला वाव दिलाय. म्हणजे आपला पैसा त्या काकींच्या अंगणात गेला तर गावातच राहतो.

खर्चाचं म्हणाल तर गाडीच पाहिजे असंही नाही. कोल्हापूरहून मालवणला एसटी जाते. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट, पोरांना अर्धं, पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजोबांना तर फुकट. फोंडा घाटात पोरं उलट्या करतात, ते गाडीतही करतातच. आणि पोरांना नादाला लावायला पैसा लागत नाही. पहाटे रापण ओढायला गाव जमतं, दोरीला हात लावला तर कुणी नको म्हणत नाही. सिंधुदुर्ग किल्ल्यात होडीनं जायचं, लाइफ जॅकेट मागून घ्यायचं, आणि भर समुद्रात महाराजांनी १६६४ साली हे काम सुरू केलं ते पोरांना तिथं उभं राहून सांगायचं. ही होडी पावसाळ्यात बंद असते, म्हणून मेच्या शेवटच्या आठवड्यावर अवलंबून राहू नका. घावणे, सोलकढी, खटखटे लाडू, शाकाहारी असाल तर काळ्या वाटाण्याची आमटी. तांबडा-पांढरा चार दिवस नाही मिळाला तर काही होत नाही.

आता जरा सरकारकडं वळू, कारण सगळं आई-बापांवर टाकून चालणार नाही.

सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. त्यालगतच्या गोव्यात २००८ पासून सरकारनं संस्थेमार्फत प्रशिक्षित जीवरक्षक किनाऱ्यांवर उभे केलेत. लाल-पिवळा झेंडा म्हणजे इथं पोहा, लाल म्हणजे उतरू नका, हे तिथं पोरालाही कळतं. आपल्याकडं काही किनाऱ्यांवर जीवरक्षक दिसतो, काहींवर नाही, आणि कुठं आहे कुठं नाही हे जाण्याआधी कळायला सोय नाही. २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्या पाच किनाऱ्यांना ब्लू फ्लॅग मिळाला. गुहागर, लाडघर, श्रीवर्धन, नागाव आणि डहाणूचा पारनाका. सुरक्षितता, स्वच्छ पाणी, स्वच्छतागृह हे सगळं बघून तो मिळतो. अभिनंदनच. पण पर्यटन जिल्ह्यातला एकही किनारा त्यात नाही, याचं उत्तर कुणीतरी द्यायला पाहिजे.

मागणी काही मोठी नाही. गर्दीच्या प्रत्येक किनाऱ्यावर सुट्ट्यांच्या काळात सकाळी सात ते संध्याकाळी सात दोन जीवरक्षक, झेंडे, मराठी-कानडी-हिंदीत बोर्ड, आणि कुठल्या किनाऱ्यावर जीवरक्षक आहे त्याची यादी जिल्हा प्रशासनाच्या साइटवर. वॉटर स्पोर्ट्सच्या जाहिरातीवर जो खर्च होतो, त्याचा एक वाटा इकडं वळवला तरी पुरेल. आपले कोल्हापूरचे लोकप्रतिनिधी म्हणतील, तो जिल्हा आमचा नाही. पण बुडणारी पोरं इकडचीही असतात. पत्र तरी लिहा.

आणि आपणही जरा सुधारू. वाळूत जीप घालणं, पिऊन पाण्यात उतरणं, बाटल्या तिथंच फोडणं, यात आपली एमएच नऊची पाटी मागं नाही, हे कबूल करू. जीवरक्षकानं शिट्टी मारली तर "आम्हाला पोहायला येतं" म्हणून त्याच्याशी वाद घालू नका. पोरं पाण्यात असतील तेव्हा घरातलं एक मोठं माणूस कोरडं, किनाऱ्यावर उभं, मोबाईल खिशात ठेवून. पाळी लावा, अर्धा-अर्धा तास. पोर घोट्यापर्यंत पाण्यात असलं तरी हाताच्या अंतरावर.

आम्ही या मेमध्ये परत त्याच काकींकडं जातोय. तारीख ठरवायला फोन केला तर त्यांनी आधी कॅलेंडर बघितलं. म्हणाल्या, "पुनवेक येव नकात, चार दिवस मागनं येवा." धंदा बुडवून असं सांगणारं घर तुम्हाला माहीत असेल तर गावाच्या नावासकट खाली लिहा. ग्रुपवर पुढच्या वेळी तोच मेसेज आला की फोटोंच्या ऐवजी ती यादी देता येईल.