चार उन्हाळे जास्त

माणसाचे वय मोजायला मराठी माणसाने पावसाळा हेच माप का निवडले असावे, याचा मी पुष्कळदा विचार करतो. 'तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेत' असे वडीलधारी मंडळी आपल्याला सुनावतात. 'चार उन्हाळे जास्त पाहिलेत' असे नुसते कोणी म्हणत नाही. उन्हाची तर आपल्या भाषेने उपेक्षाच केली आहे. 'हे केस काही उन्हात पांढरे झालेले नाहीत' या वाक्यात ऊन म्हणजे ज्यापासून माणूस काहीच शिकत नाही अशी एक फुकटची गोष्ट! पावसाने शहाणपण येते आणि उन्हाने नुसते केस पिकतात. हा वाक्प्रचार वर्गात शिकवायची वेळ आली की मला आमच्या नानांची आठवण होते. नाना चौऱ्याहत्तर वर्षे जगले आणि २०२२ साली गेले. त्यांतले छत्तीस उन्हाळे त्यांनी सरकारी नोकरीत, उघड्या माळावर काढले. त्यांचे आयुष्य मोजायचे तर ते उन्हाळ्यांनीच मोजले पाहिजे.

नाना भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होते. हा शब्द खात्याच्या कागदावरचा. गावोगाव त्यांना 'मोजणीवाले' म्हणत. १९७० साली ते नोकरीस लागले, २००६ साली निवृत्त झाले. सारी नोकरी सोलापूर जिल्ह्यात, त्यातही बार्शी, करमाळा, माढा या बाजूला. उभ्या पिकात साखळी ओढता येत नाही आणि पावसात नकाशा उघडता येत नाही. त्यामुळे दिवाळी आटोपली की त्यांचा हंगाम सुरू होई, तो मृगाच्या तोंडाशी संपे. ज्या महिन्यांत शेतकरी दुपारचा लिंबाखाली आडवा होतो, नेमक्या त्याच महिन्यांत नाना त्याच्या बांधावर उभे असत. बहात्तरच्या दुष्काळातले माळ त्यांनी पाहिले, उजनीच्या पाण्याखाली जायच्या जमिनी मोजल्या, एकत्रीकरणाचे गट पाडले. तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. हे मला पाढ्यांच्या आधी पाठ होते. पुढे हेक्टर आणि आर आले; पण जुनी टिपणे साखळी-आण्यांतच असल्यामुळे नानांचा मनातला हिशेब अखेरपर्यंत आण्यांतच चाले.

शाळेच्या सुटीत मी दोन-तीनदा त्यांच्याबरोबर मोजणीला गेलो होतो. तिपाईवर मोजणीचा फळा, फळ्यावर ताणून बसवलेला कागद, आणि त्या कागदावर छत्री धरून उभा असलेला शिपाई. छत्री कागदावर! ऊन लागले की कागद आकसतो, वाकतो, आणि नकाशात दोन हातांची चूक म्हणजे दोन भावांत दहा वर्षांचा दावा. म्हणून कागद सावलीत; आणि तो कागद ज्याच्यासाठी सावलीत, तो माणूस पुढे वाकलेला, अर्ध्या बाह्यांचा सदरा घातलेला, मान उघडी टाकून उन्हात. आई म्हणे, "अहो, कागदाला छत्री आणि माणसाला नको?" यावर नानांचे उत्तर ठरलेले : "मी काय लोण्याचा गोळा आहे वितळायला?"

नानांच्या वडिलांनी जन्मभर फेटा बांधला. फेट्याचा शेमला मानेवर रुळतो तो केवळ ऐटीसाठी, अशी माझीही समजूत होती; पण मानेची कातडी झाकायला त्याहून सोयीचे दुसरे काय आहे? अंगात लांब बाह्यांची जाड पैरण, खांद्यावर उपरणे. आजोबा निरक्षर होते, पण उन्हाच्या बाबतीत आपल्या मुलापेक्षा शहाणे होते. नानांच्या पिढीने शिक्षणाबरोबर फेटा उतरवला, बाह्या अर्ध्या केल्या, आणि बोडक्या डोक्याने काम करणे हे सुधारणेचे लक्षण ठरले. शेतावरच्या मजूर बायका मात्र अजून लुगड्यावर नवऱ्याचा जुना लांब बाह्यांचा शर्ट चढवतात आणि तोंडाला फडके गुंडाळतात. पुण्यातल्या दुचाकीवरच्या मुली डोळे तेवढे उघडे ठेवून सारे तोंड ओढणीत बांधतात, त्याबद्दल आपण विनोदी लेखक मंडळी भरपूर लिहितो. यापुढे जरा जपून लिहावे असे मला वाटते.

दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला आई नानांच्या पाठीला तेल लावीत असे. त्या वेळी लहानपणी मला वाटे, आमच्या घरात दोन नाना आहेत. कोपरापासून खालचे हात, मान, चेहरा आणि गळ्याखालचा सदऱ्याच्या आकाराचा त्रिकोण एका माणसाचा. पाठ, छाती, दंड दुसऱ्याच कोणा सावकाराच्या घरातल्या माणसाचे! मनगटावर घड्याळाच्या पट्ट्याची फिकी खूण, पायांवर चपलेच्या पट्ट्यांची. यावरून आमच्या घरात एक गोष्ट सांगत. १९७५ साली नाना आईला पाहायला गेले, तेव्हा आजोळच्या मंडळींनी मुलगा काळा म्हणून नाक मुरडले. तेव्हा आईच्या एका आत्याने भर बैठकीत नानांना सदऱ्याची बाही वर करायला लावली, दंड पाहिला आणि निकाल दिला : "मुलगा काळा नव्हे, रापलेला आहे. काळेपण जन्माचे, रापलेपण कमाईचे." लग्न ठरले. मराठीचा अध्यापक म्हणून मला 'रापणे' या क्रियापदाचे त्या दिवसापासूनचे ऋण मानले पाहिजे.

पण गोष्ट इथे संपत नाही. माझी बहीण जन्मतःच सावळी. तिला तर बाही वर करून दाखवायची सोय नव्हती. ती चौदा-पंधरा वर्षांची झाली तेव्हा नात्यातल्या बायकांनी तिला उन्हात जायची बंदी केली, डाळीचे पीठ झाले, साय झाली, आणि एके दिवशी गोरे करणाऱ्या मलमाची नळी घरात आली. नानांनी ती नळी उचलली आणि खिडकीबाहेर भिरकावून दिली. एरवी ते आवाज चढवणारे गृहस्थ नव्हते, त्या दिवशी म्हणाले, "माझ्या घरात कोणी गोरे होणार नाही." उन्हापासून अंग झाकणे म्हणजे रंगाची लाज बाळगणे, हे त्यांच्या मनात जे बसले ते कायमचे. अशा मलमांपैकी, भारतात १९७५ सालीच बाजारात आलेल्या एका प्रसिद्ध मलमाने २०२० साली आपल्या नावातला 'गोरा' या अर्थाचा शब्द काढून टाकला. ही बातमी मी नानांना वाचून दाखवली. "पंचेचाळीस वर्षांनी फेरफार मंजूर झाला म्हणायचा," एवढेच ते बोलले.

२०११ च्या सुमारास त्यांच्या नाकावर, चष्मा टेकतो तिथे, मोत्यासारखी चकाकणारी एक लहान पुटकुळी आली. तोंड पुसताना तीतून रक्त येई, खपली धरे, खपली पडे, पुन्हा तेच. चष्मा घासतो म्हणून त्यांनी चष्मा बदलला; हळद आणि तूप चालूच होते. दीड-दोन वर्षे हे चालले. मग एका त्वचारोगतज्ज्ञांनी तुकडा काढून तपासायला पाठवला आणि सांगितले, हा कातडीचा कर्करोग आहे, बेसल सेल कार्सिनोमा. आई मटकन खालीच बसली. डॉक्टरांनी धीर दिला : कर्करोगांतला हा त्यातल्या त्यात सभ्य, सहसा दूर पसरत नाही. पण आहे तिथे तो कुरतडत राहतो, म्हणून तर जुन्या इंग्रज वैद्यांनी त्याला कुरतडणाऱ्या प्राण्यांवरून नाव दिले होते. नाक आणि पापण्या या त्याच्या आवडीच्या जागा.

"पण आम्ही तर सावळी माणसे," मी म्हणालो. यावर डॉक्टरांनी जे सांगितले ते वाचकांनीही ऐकून ठेवण्यासारखे आहे. सूर्यप्रकाशात डोळ्यांना न दिसणारे किरण असतात. जुन्या मराठी शास्त्रीय पुस्तकांत त्यांना 'जंबुपार' म्हणत. जांभळ्याच्या पलीकडचे ते जंबुपार. आता त्यांना अतिनील म्हणतात. मला जुनाच शब्द अधिक रसाळ वाटतो. १८०१ साली योहान रिटर या जर्मन शास्त्रज्ञाला ते सापडले : उजेडात काळा पडणारा चांदीचा एक क्षार त्याने वर्णपटात धरला, तर तो जांभळ्या टोकाच्याही पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नाही तिथे, अधिक लवकर काळा पडला. हे किरण कातडीच्या पेशींतल्या डीएनएची मोडतोड करतात. शरीर रोज डागडुजी करते, पण वर्षांमागून वर्षे मार बसत गेला की एखादी दुरुस्ती राहून जाते. आपल्या कातडीतले मेलॅनिन पेशीच्या केंद्रावर टोपीसारखे बसून पुष्कळसे किरण अडवते. म्हणून गोऱ्या लोकांच्या मानाने आपल्याकडे हा रोग फारच कमी. पण कमी म्हणजे मुळीच नाही असे नव्हे, आणि आपल्याला होणारच नाही या समजुतीपायी तो उशिरा ओळखला जातो. मग डॉक्टरांनी नानांना त्यांचाच हात उताणा करून दाखवला. दंडाची आतली बाजू मऊ, एकसारखी. बाहेरची सुरकुतलेली, डागाळलेली. "दोन्ही बाजूंचे वय एकच, नाना," ते म्हणाले. "फरक आहे तो उन्हाचा."

शस्त्रक्रियेचा नानांना फारसा त्रास झाला नाही. गाठीभोवतीची चार-एक मिलिमीटर निरोगी कातडीही काढावी लागते, असे सर्जनांनी सांगितले तेव्हा नानांनी व्यावसायिक संमती दिली : "बरोबर आहे. हद्द जरा सोडूनच धरावी." नाकावर लावायला कातडी कानामागून घेतली. शुद्धीवर असलेल्या नानांनी तिथल्या परिचारिकेला सांगितले, "या गटातून वजा, त्या गटात जमा. नोंद करा."

त्रास पुढेच होता. रुंद कडेची टोपी, लांब बाह्या आणि ऊन अडवणारे मलम, ही तीन पथ्ये डॉक्टरांनी दिली. टोपी आणि बाह्या नानांनी कुरकुरत पत्करल्या; मलमाची नळी पाहताच त्यांच्या कपाळावर आठी आली. "मला या वयात गोरे व्हायचे नाही." हे मलम रंग उजळत नाही हे त्यांना पटेना. डॉक्टरांनी मग निराळी वाट धरली. ते म्हणाले, "नाना, उन्हात उभे राहून आपली सावली पाहा. सावली आपल्या उंचीपेक्षा लांब असेल तर विशेष काळजी नको. उंचीपेक्षा आखूड झाली, की सूर्य पंचेचाळीस अंशांच्या वर आला. तेव्हा सावलीला जायचे. जाता येत नसेल तर झाकायचे आणि मलम लावायचे."

अंश, उंची, लांबी! ही भाषा नानांची होती. दुसऱ्या दिवसापासून बार्शीच्या आमच्या अंगणात त्यांनी एक काठी रोवली, तिच्या उंचीएवढी रेघ जमिनीवर मारली आणि वहीत वेळा टिपायला सुरुवात केली. वर्षभर. ती वही मजजवळ आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी सव्वानऊला सावली काठीएवढी होते आणि परत काठीएवढी व्हायला दुपारचे साडेतीन वाजतात. मधल्या एका दिवशी दुपारी साडेबाराच्या आधी काठीला सावलीच नसते. डिसेंबरच्या अखेरीस हाच काळ सव्वाअकरा ते एक पस्तीस, एवढाच. डिसेंबरातल्या नोंदीखाली त्यांनी लिहिले आहे : 'मे मध्ये सहा तास, डिसेंबरात सव्वादोन. आम्ही नेमके मे मध्ये जात होतो.' त्यापुढे काही नाही. पुढच्या पानापासून मलम आणल्याच्या तारखा आहेत.

मलमाच्या बाबतीतही त्यांनी माहिती काढली होती. वेष्टनावर एसपीएफ तीस असे लिहिले असले तर कातडी लाल करणाऱ्या किरणांपैकी शंभरातले सुमारे सत्त्याण्णव अडतात, पन्नास असले तर अठ्ठ्याण्णव; तेव्हा पन्नासचे मलम तीसच्या पावणेदोन पट झाले असा हिशेब करू नये. पण हे सारे भरपूर लावले तर. चेहरा आणि मान यांना दोन बोटे भरून हवे आणि घाम येत असेल तर दोन तासांनी पुन्हा. आई कुंकवाच्या बोटाएवढे लावी, तेव्हा नाना तिला ओरडत, "अगं, क्षेत्र बघ, मग माल घे." एसटीच्या खिडकीची काच बंद असली म्हणजे झाले, हेही खरे नाही, भाजणारे किरण काच अडवते, पण खोल शिरून कातडी जून करणारे दुसरे जंबुपार किरण तीतून आत येतात. प्रवासात नाना हटकून सावलीच्या बाजूची जागा धरीत आणि शेजारच्याला त्याचे कारण पुढचा थांबा येईतो समजावून सांगत.

ते गेले ते हृदयविकाराने. नाकाचा त्याच्याशी संबंध नव्हता, ती जागा अखेरपर्यंत स्वच्छ राहिली. शेवटची अंघोळ घालताना मी त्यांच्या पाठीवरून पाणी सोडले. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाची ती पाठ इतकी मऊ आणि निर्मळ होती, की हात क्षणभर तिथेच थांबला. छत्तीस उन्हाळ्यांतले एकही ऊन तिला लागलेले नव्हते.

या वर्षी आमच्या वाट्याच्या जमिनीची मोजणी निघाली. भूकरमापक म्हणून एक तरुण मुलगी आली. साखळी नाही, फळा नाही. हातात रोव्हर नावाचे यंत्र, उपग्रहांशी बोलणारे. पण उभे राहायचे ते उन्हातच. तिने रुंद कडेची टोपी घातली होती, बाह्या मनगटापर्यंत होत्या. बांधावर पोचल्यावर तिने पिशवीतून नळी काढून नाका-कानांना पांढरे थापले आणि नळी बरोबरच्या वयस्क शिपायापुढे धरली. शिपाई लाजला. म्हणाला, "आम्हाला काय करायचंय गोरं होऊन, मॅडम?"

"काका, गोरं नाही होत त्यानं," ती म्हणाली. "मानेला लावा आधी. मान पुढं करा."