न वाचता घेतलेली मजुरी

बिबवेवाडीतील लिहिणाऱ्या, वाचणाऱ्या आणि प्रोग्राम लिहिणाऱ्या सर्वांना,

‘बोगस मस्टर’ म्हणजे काय हे महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगावे लागत नाही. १९७२च्या दुष्काळात उभी राहिलेली रोजगार हमी योजना १९७७ साली कायद्यात आली. खडी फोडणाऱ्या, माती उपसणाऱ्या माणसांना तिने जगवले. पण त्याच कामांवर, कधी फिरकलाही नाही अशा माणसाचे नाव हजेरीपटावर चढवून त्याची मजुरी उचलण्याचा प्रकारही सुरू झाला. तो आपण गुन्हा मानतो, कारण कामाला हात न लावता घेतलेला तो पैसा खऱ्या कामासाठी ठेवलेल्या निधीतूनच जातो. लेखनाला आणि मतांना पैसे देणाऱ्या समाजमाध्यमांवर आज बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्राम, लावून मते दिली जातात. तो प्रकार याच जातीचा आहे, असे आमचे म्हणणे आहे आणि ते पटवून देण्यासाठी हे पत्रक आहे.

आधी व्यवस्था समजून घेऊ. स्टीम ही ब्लॉकचेनवरची व्यवस्था मार्च २०१६ मध्ये सुरू झाली. तिच्यावर स्टीमिट हे संकेतस्थळ उभे राहिले आणि मार्च २०२० मध्ये तिच्यातून हाइव्ह वेगळे झाले. दोन्हींचा पाया एकच आहे. ठरलेल्या दराने नवी डिजिटल नाणी तयार होतात, त्यांतला मोठा वाटा लेखनासाठी सामाईक ठेवला जातो आणि तो कुणाला किती मिळावा हे मतांवर ठरते. लेखावर सात दिवस मते पडतात, मग हिशेब होतो. ज्याने जास्त नाणी गुंतवून ठेवली त्याच्या मताचे वजन जास्त. या व्यवस्थेत मत देणाऱ्यालाही मोबदला मिळतो, आणि वादाचे मूळ इथेच आहे. आधी लेखकाला ७५ टक्के आणि मत देणाऱ्यांना २५ टक्के अशी वाटणी होती; ऑगस्ट २०१९ मध्ये ती निम्मी-निम्मी झाली. वाचकाला एवढा मोठा वाटा कशाबद्दल? रोजच्या लेखनाच्या ढिगाऱ्यातून चांगले शोधणे, ते वाचणे, निवडणे आणि वर आणणे हे कष्टाचे काम आहे, हे मान्य केल्याबद्दल. म्हणजे ही वाचनाची मजुरी आहे. ती घेणाऱ्याने वाचलेच नसेल, तर त्याने काय केले हे वेगळे सांगायला नको.

बॉट वाचत नाही. कोणत्या लेखकाच्या लेखावर, प्रसिद्ध झाल्यापासून किती मिनिटांनी, किती वजनाचे मत टाकायचे एवढेच त्याला सांगून ठेवलेले असते. काही खाती एखाद्या बड्या मतदाराच्या मागे बांधलेली असतात. त्याने मत दिले की त्यामागून सगळी आपोआप मत देतात. स्टीमवर तर मते विकणारे बॉट उघडपणे चालत. साधारण दर २ तास २४ मिनिटांनी एक फेरी होई, लेखक पैसे पाठवत आणि ज्याने जितके पाठवले त्या प्रमाणात बॉटचे मत वाटले जाई. पिट्सबर्ग विद्यापीठाच्या चाओ ली आणि बालाजी पलानिसामी यांनी मार्च २०१६ ते ऑगस्ट २०१८ या काळातल्या ५३ कोटींहून अधिक नोंदी तपासून २०१९ साली निष्कर्ष मांडला, की स्टीमवर नाणी पाठवण्याच्या व्यवहारांपैकी १६ टक्क्यांहून अधिक व्यवहार बॉट असल्याचा संशय असलेल्या खात्यांकडे जात होते. शेजारच्या मार्केट यार्डात भल्या पहाटे कोथिंबिरीचा भाव शेकड्यावर ठरतो. घेणारा जुडी उचलतो, देठ पाहतो, पाला किती ओला आहे हे चाचपतो आणि मगच भाव बोलतो. माल न पाहता भाव बोलणाऱ्याला तिथे कुणी व्यापारी म्हणणार नाही.

बनावट खात्यांचा प्रकार याहून वेगळा. जुलै २०२० मध्ये गायिका भूमी त्रिवेदी यांच्या नावाच्या बनावट खात्याचा तपास करताना मुंबई पोलिसांच्या गुन्हे शाखेने बनावट फॉलोअर विकण्याचा धंदा उघडकीस आणला. तिथे माणसेच खोटी होती. बॉटच्या मतदानात माणूस खरा, खाते खरे, गुंतवलेली नाणीही खरी असतात. खोटी असते ती फक्त साक्ष, ‘हे मी पाहिले आणि मला चांगले वाटले’ ही. म्हणूनच हा प्रकार पकडायला अवघड आणि समर्थन करायला सोपा आहे.

पहिले समर्थन असे, की नाणी माझी, मत माझे, ते हाताने द्यायचे की यंत्राने हे विचारणारे तुम्ही कोण? बिबवेवाडीत सहकारी गृहनिर्माण सोसायट्यांत राहणाऱ्यांना याचे उत्तर घरचेच आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम २७ मध्ये सभासदाचे मत एकच असावे आणि ते त्याने जातीने द्यावे, दुसऱ्यामार्फत नव्हे, असा मूळ नियम आहे. सहकारात पैशापेक्षा माणसाचा विचार मोठा मानला, म्हणून त्याची उपस्थिती मागितली. यावर कुणी म्हणेल, ही माध्यमे सहकारी नाहीत, ती कंपनीसारखी आहेत. तिथे भांडवलावर मत चालते आणि कंपनीच्या सभेत प्रतिनिधीही पाठवता येतो. मान्य. पण कंपनीच्या सभेत हात वर केल्याबद्दल इतर भागधारकांच्या वाट्यातून मजुरी मिळत नाही. भांडवलाचा लाभ हवा असेल तर या व्यवस्थेत गुंतवलेल्या नाण्यांवर व्याजासारखा वेगळा हिस्सा ठेवलेलाच आहे. तो खुशाल घ्यावा. वाचनाच्या नावाखाली ठेवलेला हिस्सा भांडवलाच्या जोरावर उचलू नये.

दुसरे समर्थन आम्हाला खरोखर विचार करायला लावणारे वाटते. एखादा लेखक सातत्याने चांगले लिहितो. त्याला रोज न चुकता पाठिंबा मिळावा म्हणून बॉट लावला तर त्यात वाईट काय? मासिकाची वर्गणी भरणारा प्रत्येक अंक कुठे वाचतो? खरे आहे, आणि वर्गणी भरून न वाचणाऱ्याला कुणी दोषही देत नाही, कारण पैसे त्याच्या खिशातले असतात. बॉटचे मत सामाईक रकमेतून पैसे काढते आणि त्यातला वाटा मत देणाऱ्याच्याच खात्यात आणून टाकते. लेखकावर एवढा विश्वास असेल तर त्याला स्वतःच्या नाण्यांतून द्यावे. हाइव्हवर २०२१ पासून ठरावीक काळाने आपोआप नाणी पाठवण्याची सोय आहे. ती वापरणाऱ्यांबद्दल आम्हाला आदर आहे.

याच्याच पोटातले आणखी एक म्हणणे असे, की मताची शक्ती रोज २० टक्क्यांनी भरून येते, पूर्ण भरली की वाढ थांबते; मग ती वाया का घालवायची? पण ती वाया जात नाही. वाटायची रक्कम ठरलेली आहे. तुम्ही मत दिले नाही तर ज्यांनी वाचून दिले त्यांच्या मताचे मोल तेवढे वाढते. वेळ नसेल त्या दिवशी गप्प राहिल्याने वाचणाऱ्यांचे भलेच होते.

स्टीमच्या मूळ आराखड्यातच मांडले होते, की गैरवापर पूर्ण थांबवणे शक्य नाही आणि ते उद्दिष्टही असू नये. पूर्ण थांबणार नाही हे आम्हीही मानतो. पण नियम बदलले की वागणे बदलते हेही तितकेच खरे. इतरांच्या आधी मत देणाऱ्याला जास्त वाटा मिळे तोवर यंत्रांची शर्यत अटळ होती, कारण तेवढ्या घाईत लांब लेख वाचून संपवणे माणसाला शक्यच नव्हते. जून २०२१ मध्ये हाइव्हने पहिल्या २४ तासांतल्या सगळ्या मतांना सारखेच मानले आणि त्या शर्यतीचे कारणच काढून टाकले. बॉट अजून आहेत, पण घाईचा नफा गेला. मत आणि मत देणारा यांची फारकत कुठवर जाते याचा दाखला मार्च २०२०चा आहे. उद्योजक जस्टिन सन यांनी स्टीमिट चालवणारी कंपनी घेतल्यावर बायनान्स, हुओबी आणि पोलोनिक्स या नाण्यांच्या बाजारांत ग्राहकांनी ठेवलेली नाणी व्यवस्थेचे चालक निवडण्यासाठी वापरली गेली. तो बॉटचा प्रकार नव्हता. पण ज्यांची नाणी होती त्यांनी तो निर्णय घेतला नव्हता, आणि मताला माणसाची गरज नाही ही सवय लागलेल्या व्यवस्थेत हे घडणे सोपे गेले. स्टीममधून हाइव्ह वेगळे झाले त्याचे हे मोठे कारण.

प्रत्येक बॉट वाईट असे आम्ही म्हणत नाही. स्टीमवर ‘चीता’ नावाचा बॉट दुसरीकडून उचललेला मजकूर शोधून तसे लेखाखाली लिहीत असे. वाचणाऱ्याला मदत करणारे यंत्र वेगळे आणि वाचणाऱ्याच्या नावावर मजुरी उचलणारे वेगळे. मराठीत लिहिणाऱ्याला तर हा फरक रोज सोसावा लागतो. बॉटच्या यादीत आधीच नावाजलेली, मुख्यतः इंग्रजीत लिहिणारी मंडळी असतात. नव्या मराठी लेखकाला कुणीतरी प्रत्यक्ष वाचल्याशिवाय मत मिळूच शकत नाही.

अप्पर इंदिरानगरच्या विश्वकर्मा इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत आणि आसपासच्या महाविद्यालयांत शिकणाऱ्या मुलामुलींना पायथनमध्ये असा बॉट लिहिणे एका संध्याकाळचे काम आहे. त्यांना आमची विनंती आहे, की तीच संध्याकाळ दुर्लक्षित मराठी लेखन शोधून माणसासमोर आणणाऱ्या साधनासाठी द्यावी आणि मत देण्याचे बटण माणसाच्या हातात ठेवावे. ज्यांना स्वयंचलित मत द्यायचेच आहे त्यांनी तसे आपल्या खात्याच्या ओळखीत स्पष्ट लिहावे. ज्यांनी बॉट लावून ठेवला आहे त्यांनी तो आज रात्री बंद करावा आणि उद्या एक लेख शेवटच्या ओळीपर्यंत वाचून, पटला तरच, स्वतःच्या हाताने मत द्यावे.

बिबवेवाडी, पुणे ४११०३७